आरटीई प्रवेश, नाशिक: लॉटरीत नाव लागूनही प्रवेश का जातो

खासगी विनाअनुदानित शाळेतल्या प्रवेशस्तरावरच्या (नर्सरी किंवा पहिलीच्या) २५ टक्के जागा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली वंचित आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक शाळांना हे लागू नाही. निवड ऑनलाइन सोडतीने होते, त्यामुळे मुलाची हुशारी, मुलाखत, आईवडिलांचे शिक्षण यांचा इथे काही संबंध नाही. शाळेने परीक्षा घेतो म्हटले तर कायद्याचे कलम १३ दाखवा. ते चाळणी लावायला आणि देणगी घ्यायला मनाई करते.

नोंदणी आरटीई पोर्टलवर करायची. जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. 'सबमिट' न केलेला अर्ज सोडतीत जातच नाही आणि एकाच मुलाचे दोन अर्ज भरले की दोन्ही बाद.

खरी अडचण कागदपत्रांच्या पडताळणीत येते. सिडको, सातपूरकडे भाड्याने राहणारे पत्त्याचा पुरावा म्हणून जो भाडेकरार देतात, तो बहुतेकदा नोटरीचा असतो. तो चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा हवा. सोडत लागल्यावर धावपळ करून केलेला करार हमखास फेटाळला जातो. अर्जातल्या नकाशावर घराची जागा दाखवणारा फुगाही नीट ठेवा. सायबर कॅफेवाला अंदाजाने टेकवतो, घर ते शाळा अंतर चुकते आणि प्रवेश जातो.

वंचित गटाला (अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, इतर मागास वगैरे) उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तरी निम्मे पालक सेतूच्या रांगेत त्यासाठीच उभे असतात! त्यांना हवा तो सक्षम अधिकाऱ्याने दिलेला जातीचा दाखला, वडिलांचा किंवा मुलाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिली आहे म्हणून भागत नाही. धुळे-नंदुरबारहून आलेल्यांना तिकडचा दाखला चालतो, परराज्यातला मात्र नाही. अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली कितीतरी कुटुंबे इथेच अडकतात. अशांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर त्यांनी दुर्बल घटकातून अर्ज करावा. तिथे जात विचारत नाहीत, उत्पन्नाचा दाखला लागतो.

निवडीच्या एसएमएसची वाट पाहत बसू नका, तो येतोच असे नाही. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून रोज पाहा. मुदतीच्या आत मूळ कागद आणि छायाप्रती घेऊन पडताळणी समितीपुढे जायचे. मुदत टळली की जागा प्रतीक्षा यादीकडे जाते.

फी माफी आठवीपर्यंतच असते. नववीची फी किती, हे शाळा निवडतानाच विचारून ठेवा.