पश्चिम हिमालयातील वासंतिक हिमवर्षाव व हवामान-इशारे

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मेच्या पूर्वार्धापर्यंत जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड या भागांत होणारा हिमवर्षाव, त्याच्या आगेमागे येणारी हिमस्खलने, गारपीट, वादळी वारे व विजा, आणि या सर्वांचा आगाऊ अंदाज वर्तविण्याची व्यवस्था. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या ऋतुमानात वसंत ऋतू नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आणि मार्च ते मे हा पूर्वमोसमी काळ अशी त्याची विभागणी आहे. काश्मिरी लोकगणनेत २१ डिसेंबरपासूनची चाळीस दिवसांची चिल्लई कलां, मग वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांची चिल्लई बच्चा संपली की थंडी सरली असे मानतात. बर्फाचे धोके मात्र तेव्हा सरत नाहीत. काश्मीरच्या कुलगाम भागातील वाल्टेंगू नाड गावावर दीडशेहून अधिक बळी घेणारा हिमलोट २००५ च्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कोसळला. उत्तराखंडातील माणा येथील दुर्घटना २८ फेब्रुवारी २०२५ ची, तर नीती खोऱ्यातील सुमना येथील दुर्घटना एप्रिल २०२१ ची आहे.

कारणे

या भागातला हिवाळी व वासंतिक हिमवर्षाव मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे होतो. वृत्तपत्रांत त्यांना पश्चिमी चक्रावात किंवा पश्चिमी विक्षोभ असेही म्हटले जाते. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणाऱ्या या प्रणाली वातावरणाच्या वरच्या थरांतील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून येतात. भूमध्य व कॅस्पियन समुद्रांकडून आणलेल्या बाष्पात वाटेत अरबी समुद्रावरील बाष्पाची भर पडते. अनेकदा ती भरच निर्णायक ठरते. हिमालयाला भिडल्यावर हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि वाहून आणलेले पाणी टाकून देते. त्यामुळे पीर पंजाल आणि धौलाधार या पर्वतरांगांच्या वाऱ्याकडील उतारांवर भरपूर बर्फ पडते, तर त्यांच्यामागे दडलेल्या स्पिती आणि लडाखच्या वाट्याला थोडेच येते.

वसंतात याच यंत्रणेचे वागणे बदलते. ऊन कडक झालेले असते, खालच्या दऱ्या तापू लागलेल्या असतात आणि वरच्या थरांतली हवा अजून थंडच असते. अशी हवा झटपट उसळते. एकाच झंझावातातून उंच शिखरांवर हिमवर्षाव, मधल्या डोंगरांवर गारा व विजा आणि पायथ्याला धुळीचे वादळ असे प्रकार एकाच दुपारी घडू शकतात. जानेवारीत हिमवर्षाव तासन्‌तास संथ चालतो. एप्रिलमध्ये तो तासाभरात उरकतो आणि तेवढ्यातच नुकसान करून जातो.

पाऊस की बर्फ

वासंतिक अंदाजातला सर्वांत नाजूक प्रश्न किती पडेल हा नसून कोणत्या उंचीपर्यंत बर्फ पडेल हा असतो. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तापमानाचा अंदाज दोन अंशांनी चुकला की हिमरेषा, म्हणजे पावसाऐवजी बर्फ पडू लागते ती उंची, सुमारे तीनशे मीटर वर किंवा खाली सरकते. सपाट मुलखात याने काही बिघडत नाही. कुलू खोऱ्यात मात्र साधारण २,००० मीटरवरच्या मनालीत पाऊस आणि थोड्याच अंतरावरच्या, मनालीहून ४००-५०० मीटर अधिक उंच असलेल्या सोलंगमध्ये गुडघाभर बर्फ असे चित्र एकाच सरीत दिसते. त्यात आणखी एक गुंता आहे. पडणारे हिमकण वितळताना भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. सर जोरदार असेल आणि दरी अरुंद असेल, तर हवा तेवढ्यानेच गारठते व हिमरेषा अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली उतरते. सकाळी पावसाचा अंदाज असलेल्या गावात संध्याकाळी बर्फ दिसते, त्यामागे बहुधा हे कारण असते.

बर्फाची जाडीही फसवी असते. ढोबळ हिशेबाने दहा सेंटीमीटर ताज्या बर्फात एक सेंटीमीटर पाणी धरतात. कडाक्याच्या थंडीतले भुसभुशीत बर्फ याच्या दीडपट-दुप्पट जाडीचा थर देते. वसंतातले ओले बर्फ ढोबळ हिशेबाच्या निम्म्यावर येते. म्हणजे २० मिलिमीटर पाण्याचा अंदाज अचूक ठरला तरी जमिनीवर कुठे चाळीस सेंटीमीटर, तर कुठे दहा सेंटीमीटर बर्फ साचेल. वजन दोन्हींचे सारखेच, चौरस मीटरला वीस किलो. पण भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडून जाते. ओले बर्फ तारांना, फांद्यांना व पत्र्यांना चिकटून बसते. वीज जाण्याच्या तक्रारी वासंतिक बर्फात वाढतात त्या यामुळे.

हिमस्खलन

साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर बर्फाचे लोट सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. याहून तीव्र उतारावर बर्फ साचून राहत नाही, कमी उतारावर ते सहसा घसरत नाही. मोठ्या हिमवर्षावादरम्यान व नंतरच्या एक-दोन दिवसांत नव्या थराच्या भाराने सुटणारे लोट आणि उन्हाने वा पावसाने भिजल्यामुळे सुटणारे ओले लोट असे दोन प्रकार वसंतात एकामागोमाग येतात. पहिला धोका ढग असताना, तर दुसरा आकाश मोकळे झाल्यावर. पर्यटक बाहेर पडतात ते नेमके आकाश मोकळे झाल्यावर.

ओल्या लोटांना दिवसाची एक लय असते. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग कडक गोठतो, पहाटे त्यावरून चालणे सोपे व बरेच सुरक्षित असते. पूर्वेकडचे उतार सकाळी आधी सैलावतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. म्हणून डोंगरातले वाटाडे पहाटे तीनला निघून दहाच्या आत खिंड ओलांडण्याचा आग्रह धरतात. पण रात्रभर ढग राहिले तर बर्फ गोठतच नाही, आणि मग पहाटेचा हा नियम कुचकामी ठरतो. खिंडीखालच्या तळावर रात्री तारे दिसतात का, हे त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तापमानाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आधीचा हिवाळा कसा गेला यावरही बरेच ठरते. जानेवारीत बर्फ कमी पडले तर जमिनीलगतच्या पातळ थराचे रूपांतर जाड्या साखरेसारख्या सुट्या दाण्यांत होते. त्या दाण्यांना एकमेकांची पकड नसते. त्यावर फेब्रुवारी-मार्चचे जड बर्फ येऊन बसले की वरचा थर अखंड लादीसारखा निसटू शकतो. हिवाळा कोरडा गेला म्हणून वसंतात धोका कमी, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. गुलमर्गला जानेवारी २०२४ मध्ये उतार जवळजवळ उघडे होते आणि बर्फ फेब्रुवारीत आले. २०२५ मध्ये तर बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत ऋषिगंगा व धौलीगंगा नद्यांना आलेला विध्वंसक लोंढा मात्र या सदरात मोडत नाही. रोंटी शिखराच्या उतारावरील खडक व हिमनदीचा भाग एकत्र कोसळल्याने तो आला होता. हिमवर्षावाच्या अंदाजातून अशा घटनेची चाहूल लागत नाही.

अंदाजाची व्यवस्था

पर्वतीय हिमवर्षावाचे अंदाज हवामानशास्त्र विभागाची श्रीनगर, शिमला, डेहराडून व लेह येथील केंद्रे देतात. त्यांपैकी लेहचे केंद्र २०२० मधले. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंडीगडस्थित प्रयोगशाळा, डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट अर्थात डीजीआरई, देते. १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था, म्हणजे सासे, २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन करून ही संस्था उभी राहिली. लष्कर व सीमा रस्ते संघटना यांच्यासाठी असलेली तिची पत्रके आता नागरी प्रशासनालाही मिळतात.

शिमला केंद्र राज्याचे मैदानी व कमी उंचीचे, मध्यम उंचीचे आणि उंच पर्वतीय असे भाग पाडून अंदाज देते. डेहराडूनच्या पत्रकात ‘३,००० मीटर व त्याहून अधिक उंचीवर हिमवर्षाव’ अशा धर्तीची वाक्ये असतात. पत्रक वाचणाऱ्याने आधी तोच उंचीचा आकडा पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे रंग काय तयारी ठेवावी ते सांगतात, किती बर्फ पडेल ते नाही. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा.

कुफ्री व मुक्तेश्वर येथील डॉप्लर रडार जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ लेह, बनिहाल टॉप, सुरकंडा देवी येथेही ती आली. रडारचा झोत डोंगराआड पोचत नाही, म्हणून मैदानापेक्षा इथे जवळजवळ अंतरावर अधिक रडार लागतात. झंझावात येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते, त्यात अलीकडे मोठी सुधारणा झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही संगणकीय अंदाज-प्रणाली मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीवर चालते, आधीची जाळी बारा किलोमीटरची होती. तरी सहा किलोमीटरच्या एका चौकटीत नदीकाठचे गाव आणि त्याच्या डोक्यावरचे शिखर दोन्ही मावतात, आणि संगणकीय प्रतिमानाला दोन्ही एकाच सरासरी उंचीची वाटतात. मोजमापातही अडचण आहेच. वारा असेल तर हिमकण पर्जन्यमापकात न पडता त्यावरून उडून जातात, म्हणून नोंदलेले प्रमाण खऱ्यापेक्षा कमी भरते.

माणाच्या घटनेत या व्यवस्थेचे बळ व मर्यादा दोन्ही दिसल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता डीजीआरईने चमोलीसह पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरवरील भागासाठी चोवीस तासांचा हिमस्खलनाचा इशारा दिला होता. २८ फेब्रुवारीला सीमा रस्ते संघटनेच्या छावणीतील ५४ मजूर लोटात सापडले. त्यांतील ४६ वाचले, आठ दगावले. इशारा खरा ठरला, पण तो जिल्ह्याचा होता आणि धोका एका विशिष्ट उताराखाली होता. पाच जिल्ह्यांतली प्रत्येक छावणी रात्रीतून हलवणे शक्य नसते, कोणती हलवायची हे मात्र पत्रक सांगत नाही. इशाऱ्यांची खरी उणीव भाकिताची नसून या शेवटच्या टप्प्याची आहे. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ रोजी नाथू ला रस्त्यावर सात पर्यटक मरण पावले, तेव्हा तर परवानगी असलेल्या टप्प्याच्या पुढे लोक गेले होते.

रस्ते व बागा

श्रीनगर-लेह रस्त्यावरील झोजी ला, सुमारे ३,५०० मीटर, पूर्वी हिवाळ्यात कित्येक महिने बंद असे. २०२५ मध्ये ही खिंड ३२ दिवसांच्या बंदीनंतर १ एप्रिलला खुली झाली. ती मोठे बर्फ साचून बंद पडली होती फेब्रुवारीच्या अखेरीस, डिसेंबरात नव्हे. रोहतांग खिंडीखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० पासून खुला आहे. बोगद्याने खिंड टळली, पण उत्तरेकडच्या तोंडापुढचा रस्ता हिमलोटांच्या वाटेतच आहे.

सफरचंदाला हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते, त्यामुळे बागायतदार वेळेवर पडलेल्या बर्फाला पांढरे खत म्हणतात. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये कळ्या गुलाबी होऊ लागल्या की हेच बर्फ नकोसे होते. त्याहून भीती गारांची. एका सरीत वर्षाचे पीक जाते. शिमल्याच्या वरच्या पट्ट्यात त्यासाठी बागांवर जाळ्या ताणलेल्या दिसतात. गारा फोडण्यासाठी आवाजाच्या तोफाही काहींनी बसवल्या, त्यांच्या उपयोगाला शास्त्रीय आधार नाही.

महाराष्ट्राशी संबंध

झंझावाताची द्रोणीय रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, कधी कधी खूप दक्षिणेपर्यंत झुकते. अशा वेळी अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प मध्य भारतावर तिला मिळते आणि महाराष्ट्रात अवकाळी पाऊस व गारपीट होते. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंत २०१४ मध्ये झालेल्या गारपिटीने विदर्भ, मराठवाडा, नाशिक व सोलापूर भागांत गहू, हरभरा, द्राक्षे व डाळिंबांचे अतोनात नुकसान केले.

दुसरा धागा जुना आहे. हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात वसंतात उशिरापर्यंत पडणाऱ्या बर्फाचा व त्यानंतरच्या कमजोर मोसमी पावसाचा संबंध मांडला. १८८६ पासून त्याच्या आधारे मोसमी पावसाचा अंदाज नियमित दिला जाऊ लागला. म्हणजे हिमालयातल्या बर्फाची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती डोंगरातल्या माणसांसाठी नव्हे, तर खालच्या शेतसाऱ्याच्या व दुष्काळाच्या चिंतेतून. विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकाचे नाव त्याच कचेरीवरून पडले आहे.

बदलता हंगाम

रीडिंग विद्यापीठातील २०२४ च्या एका अभ्यासानुसार पश्चिमी वाऱ्यांचा वेगवान पट्टा उत्तरेकडे सरकायला उशीर लागत असून त्यामुळे मे-जूनमधील झंझावात वाढले आहेत. चारधाम यात्रा भरात असते ती याच दिवसांत. २०२३ मध्ये केदारनाथची दारे २५ एप्रिलला उघडली, आणि बर्फ थांबेना म्हणून यात्रेकरूंची नोंदणी मध्येच काही दिवस थांबवावी लागली. उन्हाळी सुटीत सर पाससारख्या खिंडींकडे जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांनाही मेच्या पहिल्या आठवड्यात कंबरभर ताजे बर्फ भेटू शकते.