धुराचे दिवस नोंदीतून पुसले जातात का?

७ जून २०२३. कॅनडातल्या क्वेबेकच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि भरदिवसा आकाश नारिंगी झालं. असं काही घडलं की एक जुना दावा हमखास फिरू लागतो: ‘अमेरिकेत वणव्याचे दिवस नोंदीतून पुसून टाकतात, म्हणून तिथली हवा कागदावर स्वच्छ!’

हे खोटं आहे. तिथे ‘अपवादात्मक घटना’ नावाचा नियम आहे, २००७चा, २०१६ मध्ये सुधारलेला. त्यानुसार आकडा पुसत नाहीत. तो नोंदीत तसाच राहतो, फक्त त्यावर खूण होते. एखादा भाग मानकात बसतो की नाही, यासारखे कायदेशीर निर्णय घेताना तेवढा तो बाजूला ठेवतात. सूक्ष्म कणांचं २४ तासांचं मानक आहे ३५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. ते तीन वर्षांच्या नोंदींवर तपासतात आणि धुराचे मोजके दिवसही निकाल फिरवू शकतात.

ही सूट आपोआप मिळत नाही, आणि मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. प्रदूषण त्या घटनेमुळेच वाढलं, हे राज्याला उपग्रहचित्रं, वाऱ्याचा माग असे पुरावे देऊन दाखवावं लागतं. लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. धुळीचं वादळ असेल, तर नांगरलेल्या रानातली धूळ आवरायला वाजवी उपाय केले होते का, हेही पाहतात. मगच पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, मान्यता देते किंवा नाकारते.

लोकांसाठीचा हवेचा निर्देशांक मात्र त्या दिवशी धुरासकटच जाहीर होतो.