अप्लाइड आर्टला जायचंय? मग अकरावीतच आजोबांचा दाखला शोधायला घ्या

"सर, ग्राफिक डिझाइन शिकायचंय, पण यादीत तो कोर्सच दिसत नाही," असं म्हणत दरवर्षी कोणीतरी माझ्याकडे येतं. कोर्स यादीत असतो, फक्त नाव वेगळं असतं. महाराष्ट्रात ही पदवी बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट) उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट, या नावाने मिळते. अभ्यासक्रम चार वर्षांचा. अक्षररचना, बोधचिन्ह, जाहिरात, पुस्तकाची मांडणी, इलस्ट्रेशन हे सगळं त्यातच येतं. बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, करायची असेल तर तिथे हाच विषय कम्युनिकेशन डिझाइन किंवा व्हिज्युअल कम्युनिकेशन या नावाने शोधा.

बी.एफ.ए.साठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. मात्र इंग्रजी विषय हवा आणि खुल्या गटाला ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण हवेत. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. त्यात डिझाइन प्रॅक्टिकल, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. चित्रं कागदावरच काढायची असतात, त्यामुळे कॉम्प्युटर येत नाही म्हणून घाबरू नका. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असली तरी सीईटी द्यावीच लागते, ही गोष्ट पालकांना पटवताना माझा बराच वेळ जातो. मुंबईच्या जे.जे. या कलासंस्थेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. तिथे अर्ज करायचा असेल तर त्यांची स्वतंत्र सूचना आधी वाचा, राज्याच्या यादीवर विसंबून राहू नका.

इथवरचं सगळ्यांना जमतं. आमच्या कोकणातल्या मुलांच्या जागा चित्रामुळे जात नाहीत, कागदांमुळे जातात. त्यातही एकाच कागदामुळे सगळ्यात जास्त जातात, तो म्हणजे जात पडताळणीचा.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला प्रांताधिकारी देतात, वैधता जिल्ह्याची पडताळणी समिती देते. विज्ञान शाखेच्या मुलांकडून कॉलेज बारावीतच हे अर्ज भरून घेतं, कारण पुढे इंजिनिअरिंग आणि मेडिकल असतं. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना बहुतेक वेळा कोणी विचारतही नाही. अप्लाइड आर्टला जाणारी मुलं नेमकी याच वर्गांत बसलेली असतात. जुलै उजाडला की त्यांना कळतं, वैधता नाही म्हणून आपला अर्ज खुल्या गटात गेला. मग गुणवत्ता यादीतलं स्थान घसरतं आणि फी पूर्ण भरावी लागते. शासनाने काही वर्षी अर्जाच्या पोचपावतीवर मुदत दिली आहे, पण यंदाही मिळेल या भरवशावर बसू नका.

समितीला जातीचा जुना पुरावा लागतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे वडिलांचा शाळेचा दाखला बहुधा पुरत नाही, आजोबांचा किंवा पणजोबांचा शोधावा लागतो. कोकणात घोडं अडतं ते इथेच. आजोबा गिरणीत होते, शिकले मुंबईत म्युनिसिपालिटीच्या शाळेत, नाहीतर शिकलेच नाहीत.

तीन वर्षांपूर्वी भंडारी समाजातली एक मुलगी माझ्या पडवीत येऊन रडकुंडीला आली होती. "सर, आजोबांचो दाखलो खंय गावतलो आता?" स्मरणचित्रात तिचा हात असा की एस.टी. स्टँडवरची गर्दी काढली तर प्रत्येक माणूस ओळखीचा वाटावा. आजोबा दुसरीत शाळा सोडलेले. त्या शाळेत गेलो तर कारकून म्हणाले, जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली. तीन फेऱ्या झाल्यावर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आणि त्यावर पोच मागितली. चौथ्या दिवशी कपाटावरून रजिस्टर निघालं. कडा खाल्लेल्या, पण पान शाबूत. निळी शाई उडत आलेली, आणि त्यात आजोबांचं नाव 'सोनू', आडनावाच्या जागी गावाचं नाव. घरी सगळे कागद 'शांताराम' नावाचे.

हे असं आपल्याकडे घरोघरी आहे. पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं, आडनाव कधी गावावरून तर कधी वाडीवरून. अजून मागे गेलात तर नोंद मोडीत आणि 'धोंडू बिन राघू', म्हणजे राघूचा मुलगा धोंडू, अशी. म्हणून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना दोन्ही नावं लिहा आणि 'सोनू ऊर्फ शांताराम ही एकच व्यक्ती' असं त्यात स्पष्ट येऊ द्या. चुलत्यांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल तर ती प्रत आधी मागून घ्या. ती सगळ्यात भक्कम आधार ठरते. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर मुलीसाठी एकदा दार वाजवा. शाळेत नोंद नाहीच सापडली तर तहसीलच्या अभिलेखात गावची जुनी जन्ममृत्यूची नोंद मागा. मोडीचं लिप्यंतर जाणकाराकडून सहीशिक्क्यानिशी करून घ्या.

नॉन क्रिमीलेअर दाखल्यावरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्यावरची, तारीख तर बहुतेक जण चुकीची वाचतात. २०२६-२७ च्या प्रवेशाला तो ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असावा लागतो. "गेल्याच वर्षी काढलाय, नवा कोरा आहे" हे उत्तर चालत नाही. कागद कधी काढला यापेक्षा तो कधी संपतो ते बघा. आयआयटीच्या यूसीडला, म्हणजे बी.डेस.च्या प्रवेश परीक्षेला, राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षातला हवा. यूसीडचा अर्ज बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आसपास भरायचा असतो, परीक्षा जानेवारीत असते आणि ती लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते. निकालानंतर चौकशीला आलेल्या मुलांना "पुढच्या वर्षी" असं सांगताना मला फार वाईट वाटतं.

दोडामार्ग, सावंतवाडीकडची काही मुलं बारावी गोव्यात करतात. त्यांनी स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आधीच काढून ठेवावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचं काम भागत नाही.

आणखी एक. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी म्हणजे कॅपसाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, कागद पुन्हा अपलोड करावे लागतात, कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. चांगले गुण मिळवून मुलं घरी निरोपाची वाट पाहत बसतात आणि तो कधीच येत नाही. फॉर्म सायबर कॅफेत भरलात तर मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचाच टाकलाय ना, ते स्वतः स्क्रीनवर बघा. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी आणि जागा मिळाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो.

जागा मिळाल्यावर हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात आणि ते भर पावसाळ्यात येतात. कोकण रेल्वेचं तेव्हा पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्या हळू धावतात, दरड आली की तिथेच उभ्या राहतात. शेवटच्या दिवशी सकाळी दादरला उतरू असा बेत करू नका. एक दिवस आधी निघा, मुंबईत कोणा नातेवाइकाकडे मुक्काम करा. मूळ कागद दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत दुसरी अशा घाला. साक्षांकित प्रतींचे तीन संच वेगळ्या बॅगेत ठेवा.