बुद्ध्यांक आला कुठून?

बुद्धी मोजायची कल्पना तशी अलीकडची. सांख्य दर्शनाच्या मते निश्चय करणे हे बुद्धीचे काम. कठोपनिषदाने तिला शरीररूपी रथाचा सारथी केले. कोणाकडे ती किती, हा प्रश्न आकड्यांत विचारला गेला तो पॅरिसमध्ये.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सगळ्या थरांतली मुले वर्गात आली आणि मागे पडणाऱ्यांचे काय करायचे, हा पेच उभा राहिला. १९०४ मध्ये सरकारने समिती नेमली. तिच्यात असलेले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमोन यांच्यासह १९०५ मध्ये तीस कृतींची चाचणी तयार केली. पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का? तीन आकडे ऐकून परत म्हणता येतात का? माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? पाठांतराला इथे फारसा वाव नव्हता. कोणत्या मुलाला वेगळ्या शिकवण्याची गरज आहे, एवढेच शोधायचे होते. बुद्धी वाढूच शकत नाही, हे मत तर बिने यांनी १९०९ मध्ये सडकून खोडले. बुद्ध्यांकाच्या चर्चेत नेमके हेच सांगायचे राहून जाते, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बिने १९११ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या मुलांइतके करते त्या वयाला, प्रत्यक्ष वयाने भागले. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी बिने यांची चाचणी सुधारून घेतली आणि त्या भागाकाराला शंभराने गुणले. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाइतके केले, की बुद्ध्यांक १२५. मदतीसाठी काढलेली चाचणी मग शिक्का मारायला वापरली गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे १७ लाख जणांची परीक्षा घेतली. इंग्रजी धड न येणारे स्थलांतरित त्यात मागे पडले, तर दोष त्यांच्या वंशाला दिला गेला. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्यता दिली.

आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात टर्मन यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ नावाने ती आजही रुग्णालयांत वापरली जाते. तिचे मूळ निकष मात्र त्या काळच्या मुलांवरून ठरलेले आहेत. बुद्ध्यांकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी गुण सुमारे १४ ने वाढले होते. जुन्या निकषांवर आजच्या मुलाचा आकडा फुगू शकतो, म्हणून जाणकार मानसतज्ज्ञ मूल घरी-शाळेत कसे वागते, स्वतःचे काय काय करते, हेही पालकांना विचारून घेतात.