हीव भरतं कुठून?

'हिवताप' या शब्दाचं मला लहानपणी कोडं पडायचं. हीव म्हणजे थंडी, ताप म्हणजे उष्णता. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी कसं? आजीवर तीन गोधड्या टाकल्या तरी तिचे दात वाजत राहायचे, आणि थर्मामीटरचा पारा मात्र चढलेला.

या कोड्याचं उत्तर मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये आहे. त्याच्या पुढच्या टोकाला प्रीऑप्टिक म्हणतात. 1938 साली अमेरिकेत मॅगून आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूचा नेमका एवढाच भाग तापवला. बाकीचं अंग तापवलेलं नसतानाही मांजरं धापा टाकू लागली. शरीर किती तापलंय याचा हिशेब हीच जागा ठेवते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. थंडी वाजली की मेंदू स्नायूंना 'कापा' असा हुकूम सोडत असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात थरथर सुरू करणारी साखळी तयारच असते आणि प्रीऑप्टिकमधल्या चेतापेशी तिला दाबून धरतात. ऊब असेपर्यंत त्या गाबा या रसायनातून मागच्या पेशींना 'गप्प' म्हणत असतात. त्वचेकडून गारव्याचा निरोप आला की त्याच स्वतः गप्प होतात. मग हायपोथॅलॅमसचा मधला भाग जागा होतो, तो मेंदूच्या देठातल्या राफे पॅलिडस नावाच्या ठिपक्याला उठवतो, तिथून निरोप मज्जारज्जूत आणि पुढे स्नायूंत. थोडक्यात, ॲक्सिलरेटर कुणी दाबत नाही, ब्रेकवरचा पाय उचलला जातो.

हुडहुडीत दंडाचे पुढचे आणि मागचे स्नायू एकदमच आखडतात. हात कुठेच जात नाही, काम शून्य, त्यामुळे खर्च झालेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होते.

पण न थरथरताही स्नायू ऊब देतात, आणि ते कसं हे थोडं किचकट आहे. स्नायू आखडतो तो पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटल्यामुळे. ते परत कोठारात ओढायला सर्का नावाचा पंप असतो आणि तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. सार्कोलिपिन हे चिमुकलं प्रथिन या पंपाला चिकटलं की एटीपी खर्च होतो, पण कॅल्शियम आत न जाता निसटतं. पोहरा वर येता येता पाणी पुन्हा आडात सांडावं, तसं. दोर ओढणाऱ्याला घाम मात्र पुरेपूर! 2012 साली नरेश बल, मुथू पेरियासामी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सार्कोलिपिन नसलेल्या आणि पाठीवरची, ऊब देणारी तपकिरी चरबीही काढलेल्या उंदरांना 4 अंश सेल्सियसला अंगाचं तापमान टिकवता येत नाही. तलवार माशाने तर कमालच केली आहे. त्याच्या डोळ्याजवळच्या एका स्नायूने आखडणं सोडूनच दिलं आहे. तो फक्त कॅल्शियम आतबाहेर करून मेंदू आणि डोळे शेकत बसतो.

पुन्हा आजीकडे. संसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-2 नावाचं रसायन तयार होतं आणि ते नेमकं त्या ब्रेकवाल्या पेशींनाच गप्प करतं. बाहेर मे महिना असो, मेंदूच्या लेखी अंग गारठलेलं असतं. म्हणून हीव आधी, ताप मागून. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, ब्रेक पुन्हा लागतो, घाम फुटतो. गोधड्यांनी घाम काढला म्हणून ताप उतरला, हा समज उलटा आहे. ताप उतरू लागला म्हणून घाम येतो.

व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापाचे परजीवी साधारण दर 48 तासांनी रक्तपेशी फोडून बाहेर पडतात, म्हणून तो ताप एकाआड एक दिवस येतो. हीव भरलेल्या दिवशी गंडा बांधा, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत! मांत्रिकांचा धंदा कित्येक पिढ्या या वेळापत्रकावर चालला.

उष्माघाताचं मात्र वेगळं. विदर्भात उन्हाळ्यात अंग तव्यासारखं तापलेल्या माणसाला पॅरासिटामॉल देऊन उपयोग नसतो. तिथे प्रोस्टाग्लँडिनचा संबंधच नाही. ब्रेक जागेवर असतो, बाहेरच्या उन्हापुढे शरीर हरलेलं असतं. त्याला सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.