फोटोखालचं नाव

फोंड्याच्या आमच्या घरात आजीच्या लग्नाचा फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, एक कड वाळवीने खाल्लेली, मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का. तो टिपला कुणी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. त्या काळी कुणी विचारतही नसे. पण कॅमेऱ्यामागे बाई असली की तिचं नाव जास्तच सहज गळायचं. छायाचित्रणाच्या आरंभापासून हे चालत आलंय.

१८४३ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशेवाळाच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. कॅमेरा नव्हताच. लोहक्षार लावलेल्या कागदावर शेवाळ मांडायचं, वर काच दाबायची, उन्हात ठेवायचं, मग पाण्यात धुवायचं, की गर्द निळ्यावर पांढरी आकृती उमटते. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते मानलं जातं. खाली सही फक्त 'ए. ए.', पुढे एका संग्राहकाने तिचा अर्थ 'अनामिक हौशी' (अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर) असा लावून टाकला!

कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा आला, आणि व्यक्तिचित्रणाची वाटच बदलली. हैदराबादला छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तो सांभाळणारी बाई इतिहासात बहुतेक 'मिसेस केनी-लेव्हिक' एवढीच उरली.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्यापाशी मात्र थांबायलाच हवं. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावाने छापून आले. १९४२ पासून दिल्लीत. साडी नेसून, खांद्यावर जड स्पीड ग्राफिक घेऊन त्या गर्दीत शिरत. या कॅमेऱ्यात दर फोटोला फिल्मची चौकट बदलायची, फ्लॅशचा बल्बही नवा लावायचा. क्षण चुकला की चुकलाच. स्वातंत्र्याचे दिवस, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, हे सगळं त्यांनी असंच टिपलं. १९७० मध्ये त्यांनी काम सोडलं. पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षात. चाळीस वर्षांची ही दिरंगाई मला अजून खुपते.

नाव गळण्याचं कारण मला तंत्रात नाही, व्यवहारात दिसतं. दुकानाची पाटी आणि बिल पुरुषाच्या नावावर. मग कामही त्याचंच ठरायचं.

गोव्याला याचं उत्तर साळगावात सापडतं. छायाचित्रकार दयानिता सिंग दिल्लीबरोबर इथेही राहतात. २००० साली त्यांनी साळगावातच 'डिमेलो वाडो' हे प्रदर्शन भरवलं, कुठल्या महानगराच्या गॅलरीत नाही. २०२२ मध्ये त्यांना छायाचित्रणातला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. त्यांचं 'म्युझियम भवन' म्हणजे एका पेटीत घड्यांची नऊ लहान पुस्तकं. उलगडली की घरातल्या टेबलावर प्रदर्शन उभं राहतं.