साउथ मॅनिटूचा दिवा का मालवला?

शिकागोहून मिशिगन सरोवरातून उत्तरेकडे निघालं, की पहिलं खोल नैसर्गिक बंदर लागतं ते तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या साउथ मॅनिटू बेटाचं. वादळात आसरा आणि वाफेच्या बोटींना जळाऊ लाकूड, दोन्ही इथेच. म्हणून १८३९ मध्ये बेटावर दीपगृहाचा दिवा लागला, १८५८ मध्ये तो रक्षकाच्या घराच्या छपरावर चढला आणि १८७१ मध्ये सुमारे १०० फुटांचा विटांचा मनोरा उभा राहिला.

एवढी उंची पृथ्वीच्या गोलाईमुळे लागते. ३० मीटरवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरून साधारण २१ किलोमीटरपर्यंत दिसतो. डेकवर चार मीटर उंचीवर उभ्या खलाशाला आणखी आठेक किलोमीटर मिळतात, म्हणजे एकूण साधारण एकोणतीस. अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट करावी लागते, त्यामुळे मनोरे याहून फार वाढवणं परवडत नाही.

उजेड देणारं भिंग तिसऱ्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग होतं. श्रेणी म्हणजे भिंगाचा आकार; तिसऱ्या श्रेणीत ज्योतीपासून काच अर्धा मीटर दूर. मधल्या पट्ट्यातली काच उजेड वाकवते, वरखालचे लोलक तो परावर्तित करून क्षितिजाकडे वळवतात. पण ही सगळी करामत वातीवर अवलंबून. वात वाकडी कातरली, तर ज्योतीचं एक टोक वर जाऊन धुरकटतं आणि काजळी काचेवर बसते. सुरुवातीच्या काळात वापरात असलेलं डुकराच्या चरबीचं तेल थंडीत थिजायचं, ते आधी तापवून घ्यावं लागे. रॉकेल आल्यावर ती कटकट संपली. ज्योतीच्या धुरातली वाफ थंड काचेवर गोठू नये म्हणून दिव्याच्या खोलीत खालून हवा आत घेऊन माथ्यावरून बाहेर सोडत.

दिवा मालवण्याचं कारण मात्र बेटाबाहेर आहे. जहाजांना खरा धोका होता तो बेटाजवळच्या सामुद्रधुनीतल्या उथळ भागाचा. १९१० पासून तिथे दीपनौका नांगरलेली असे. १९३५ मध्ये तिच्या जागी थेट पाण्यातच दीपगृह बांधलं. दिवा धोक्यावरच आल्यावर किनाऱ्यावरून लांबून खूण देण्याची गरज उरली नाही. १९५८ मध्ये बेटावरचा दिवा बंद झाला.

दोनच वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९६० रोजी, ‘फ्रान्सिस्को मोराझान’ हे मालवाहू जहाज हिमवादळात बेटाच्या दक्षिणेला रुतलं. माणसं वाचली, सांगाडा अजून तिथे आहे. जुना दिवा असता तर हे टळलं असतं, असं सहज वाटतं. पण दाट बर्फात प्रत्येक कण उजेड विखुरतो आणि एकोणतीस किलोमीटरचा हिशेब काहीशे मीटरवर येऊ शकतो. अशा वेळेसाठीच तर बेटावर दिव्याच्या जोडीला वाफेची शिट्टी बसवली होती.